०.१७७ एअर रायफलचे पेलेट निवडताना: व्यास, लॉट नंबर आणि स्लगचा प्रश्न

विचारणा थोडक्यात अशी: मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते, ६० शॉटला ५७५ ते ५८० करते. रायफल मॅचची, पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. क्लबमध्ये कुणी ४.४९ मिमी व्यासाचे छर्रे घ्या म्हणतं, कुणी ४.५० चे. एका डब्यावर ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, छान बसत होता. तो संपल्यावर त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच व्यासाचा दुसरा डबा आणला, तर शॉट पसरायला लागले. दोष रायफलचा की मुलीचा? आणि मामांकडे स्प्रिंगची ०.१७७ (इंचाची, म्हणजे ४.५ मिमीची) आहे, तिच्यात स्लग, म्हणजे गोळीच्या आकाराचे छर्रे, चालतील का?

बहुतेक वेळा दोष रायफलचाही नसतो आणि मुलीचाही नसतो. लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, बदललेला असतो. छर्रा, म्हणजे रेंजवर सगळे ज्याला पेलेट म्हणतात तो, शिशाचा तुकडा साच्यात दाबून बनतो. साचा वापरून झिजतो, मग बदलला जातो. शेजारच्या दोन मशीनवरचे साचेही अगदी सारखे नसतात. फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत असतो, पण नळीला तो कळतो. म्हणून डबा हातात घेतल्यावर आधी मागचा स्टिकर वाचा. वजन, डोक्याचा व्यास आणि लॉट नंबर तिथे छापलेले असतात. या तिघांत जपून ठेवायचा आकडा लॉट नंबर आहे. मॅच दर्जाच्या डब्यावर तो नसेल तर तो डबा स्पर्धेसाठी घेऊ नका. चांगला निघाला तरी पुन्हा तोच मागायचा कसा?

आता ४.४९ की ४.५०. छर्‍याचे तीन भाग असतात: पुढचं डोकं, मधली बारीक कंबर आणि मागचा पोकळ, पातळ घेर. नळीत सर्पिल खाचा असतात आणि खाचांच्या मधे उंचवटे. डोकं उंचवट्यांवर टेकून सरळ पुढे सरकायला हवं, घेराने मागच्या हवेच्या दाबाने फुलून खाचा बंद करायला हव्यात. डोकं सैल असेल तर छर्रा नळीतच किंचित कलतो आणि कललेलाच बाहेर पडतो. घट्ट असेल तर नळीत शिरतानाच त्याचा आकार बिघडतो आणि वेग शॉटागणिक बदलतो. शिवाय दर्जेदार नळ्या तोंडाकडे किंचित आवळलेल्या असतात, त्यामुळे मागचं तोंड मोजून पुढचा अंदाज बांधता येत नाही. एका कंपनीचे ४.५० आणि दुसर्‍या कंपनीचे ४.५० सारखेच असतील असंही नाही, कारण मोजण्याची जागा आणि पद्धत ज्याची त्याची असते. एकाच कंपनीच्या ४.४९ आणि ४.५० मध्ये जो फरक दिसतो, तोही पुष्कळदा व्यासापेक्षा लॉटचाच असतो. मैत्रिणीच्या रायफलला ४.४९ लागू पडले, म्हणून तुमच्या रायफलला ते पडतील असं मुळीच समजू नका. दोन रायफली एकाच मॉडेलच्या असल्या तरी नळ्या दोन आहेत.

रायफलसाठी आज रेंजवर दिसणारे मॅचचे छर्रे बहुतेक ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे आहेत: आरडब्ल्यूएसचा आर१० आणि माइस्टरकुगेल्न, एचअँडएनचा फिनाले मॅच (यात ०.५१ चा हलका प्रकारही आहे), जेएसबीचा एस१००, चीनचा छियांग युआन. आर१० आणि माइस्टरकुगेल्न ०.४५ ग्रॅममध्येही मिळतात, ते पिस्तुलासाठी आहेत. घाईत डबा उचलताना ही चूक होते, तेव्हा वजन वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मॅचच्या छर्‍याचं डोकं सपाट असतं, कारण ते कागदात पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतं. घुमटाकार डोकं कागद फाडत जातं आणि भोकाची कड नीट वाचता येत नाही.

किती फरक पडतो, ते आकड्यांत

हे एकदा नीट पाहून घ्या, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळेल. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ४.५ मिमीचा छर्रा त्याला नुसता शिवला तरी १०.० मिळतात. म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत हवा. तिथून पुढे प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ वाढतो आणि १०.९ साठी छर्‍याचा मध्य पाव मिलिमीटरच्या आत यावा लागतो. पूर्वी पूर्णांकांत गुण धरायचे. नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० केले, तेव्हा ४० च्या ४० शॉट त्या २.५ मिमीच्या आत होते. २०१३ पासून पात्रता फेरीतही दशांश आले आणि २०१८ पासून महिलाही ६० शॉट खेळू लागल्या. आता दहाच्या आत आलेला शॉटही किती आत आला, हे मोजलं जातं. छर्‍याचं महत्त्व वाढलं ते इथे.

समजा, रायफल बाकावर टेकवून मारलेल्या दहा शॉटचा ग्रुप (सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत) एका लॉटला १.२ मिमी येतो आणि दुसर्‍याला ३ मिमी. सरासरी १०.४ मारणारा, म्हणजे ६२४ करणारा नेमबाज पहिला लॉट सोडून दुसरा वापरायला लागला, तर हिशेबाने साठ शॉटमध्ये सुमारे साडेसहा गुण जातात. सरासरी ९.६ च्या, म्हणजे ५७६ च्या मुलीचे त्याच बदलाने सुमारे तीन गुण जातात. कारण हाताचा पसारा आणि छर्‍याचा पसारा सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. मोठा पसारा छोट्याला झाकून टाकतो. तुमच्या मुलीला तीन गुण कमी नाहीत, जिल्हा आणि राज्य निवडीत तेवढ्याने नंबर मागेपुढे होतो. पण ट्रिगर आणि श्वास सुधारून मिळणारे गुण त्याहून पुष्कळ जास्त आहेत, म्हणून सगळ्यात महागडा डबा आणण्यापेक्षा दोन-तीन लॉट तपासून त्यातला बरा घेणं आज पुरेसं आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: वाईट लॉटचे भरकटलेले शॉट मुलगी स्वतःच्या माथी घेते आणि नसलेली चूक दुरुस्त करत बसते. त्यासाठी तरी तपासणी कराच.

आधी डोळ्यांनी

नवा डबा उघडून पन्नासेक छर्रे पांढर्‍या सुती कापडावर पसरा आणि सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग घ्या. आधी घेराची कड बघा. ती एकसारखी गोल हवी. कुठे चेपलेली, कुठे शिशाचा पापुद्रा चिकटलेला, कुठे साच्याची कूस उभी राहिलेली दिसली, तर तो छर्रा बाजूला काढा. घेर ही छर्‍याची मागची कड आहे. नळीतून बाहेर पडताना हवा शेवटी तिथूनच सुटते आणि कड एका बाजूने चेपलेली असेल तर ती तिथे आधी सुटून छर्‍याला ढकलते. डोक्यावरचा बारीक ओरखडा त्यामानाने निरुपद्रवी असतो.

मग जाड काचेचा तुकडा एका बाजूने बोटभर उचला आणि छर्रे एकेक करून त्यावरून घरंगळू द्या. घेर डोक्यापेक्षा रुंद असल्याने छर्रा सरळ न जाता कमानीत वळतो. एका लॉटचे सगळे छर्रे साधारण एकाच कमानीत वळायला हवेत. एखादा फारच आखूड वळण घेत असेल, किंवा मधेच अडखळत असेल, तर तो सरावाला. पन्नासात असे पाचापेक्षा जास्त निघाले तर तो डबा पुढच्या चाचणीला घेऊच नका.

वजन करावं का, हा प्रश्न नेहमी येतो. मॅचच्या डब्यांसाठी १० मीटरवर त्याची गरज नाही. साधारण १७२ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटलेला छर्रा १० मीटरवर पोचेपर्यंत सुमारे १८ मिमी खाली येतो. वजनात ०.००५ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास एक टक्क्याचा फरक असेल तर वेग अर्धा टक्का बदलतो आणि शॉट ०.२ मिमीच्या आत वरखाली होतो. ग्रुपमध्ये त्यापेक्षा जास्त भर चेपलेला घेर घालतो. स्वस्त, सरावाच्या डब्यांत मात्र वजनं खूप मागेपुढे असतात. तिथे तोलायचं तर काटा मिलिग्रॅमचा हवा, पंखा बंद हवा आणि दर दहा छर्‍यांनी शून्य तपासायला हवं. ५० मीटरवर गणित वेगळं आहे. तिथे वेगात एक टक्का फरक पडला तरी चार-पाच मिलिमीटरची वरखाली होते, त्यामुळे लांबच्या पल्ल्याचे लोक वजनं करतात आणि ते बरोबरच आहे.

रायफलवर चाचणी

चाचणीआधी रायफल शंकेपलीकडची करा. स्टॉकचे आणि साइटचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या ताकदीने आवळा. सिलिंडर पूर्ण भरलेला असू द्या आणि दाब शेवटच्या लाल पट्ट्याच्या बराच वर असतानाच चाचणी संपवा. शक्य असेल तर क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजण्याच्या यंत्रावर, दहा शॉटचे वेग घ्या. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगातलं अंतर ३ मीटर प्रति सेकंद निघालं, तर तेवढ्यानेच १० मीटरवर ०.६ मिमीची उभी ओढ येते. रेग्युलेटर (दर शॉटला सारखा दाब देणारा भाग) असा वागत असेल तर आधी त्याचं काम करून घ्या, नाहीतर त्याचा दोष तुम्ही छर्‍याच्या माथी माराल.

नळी मागून पुढे साफ करा: दोरीवाला पुल-थ्रू आणि कोरडी चिंधी, किंवा उत्पादकाने परवानगी दिली असेल तर फेल्टचे बोळे. साफ केलेली नळी पहिले दहा-पंधरा शॉट वेगळीच वागते. शिशाचा आणि छर्‍यावरच्या तेलकटपणाचा पातळ थर बसला की ती स्थिरावते. कंपनी बदलली की हा थरही बदलतो. म्हणून लॉट बदलताना पहिले पाच शॉट मोजायचे नाहीत, दुसर्‍या कागदावर मारून सोडायचे.

चाचणी क्लॅम्पमध्ये पकडून झाली तर उत्तम. मोठ्या कंपन्या आणि काही अद्ययावत रेंज अशीच करतात. नसेल तर बाक, पुढे फोर-एंडखाली (स्टॉकच्या पुढच्या भागाखाली) घट्ट भरलेली वाळूची पिशवी, मागे बटखाली लहान पिशवी. पिशव्या प्रत्येक शॉटला त्याच जागी टेकायला हव्यात, त्यासाठी स्टॉकवर चिकटपट्टीची खूण करा. नेम दुसर्‍या कुणीतरी धरावा, मुलीने नव्हे. तिला छर्‍याबद्दल आधीच मत असतं. डब्यांवर कागद चिकटवून अ, ब, क एवढंच लिहा आणि मारणार्‍याला कुठला कोणता ते सांगू नका.

क्रम असा ठेवा: अ, ब, क, मग उलट क, ब, अ. प्रत्येक वेळी पाच शॉट स्थिरावण्याचे आणि दहा मोजायचे, मधे जोडून आलेल्या दोन क ना पुन्हा पाच लागत नाहीत. एका फेरीला ८५ छर्रे जातात. दोन फेर्‍या केल्या की प्रत्येक लॉटचे चाळीस शॉट मोजायला मिळतात. उलट क्रम यासाठी, की मारणारा थकतो, सिलिंडर उतरतो, उजेड बदलतो. हे सगळं एकाच लॉटच्या वाट्याला येता कामा नये.

पाच शॉटच्या एका ग्रुपवर निर्णय घेण्याची सवय मोडायला हवी. तीच रायफल आणि तोच छर्रा असला तरी पाच शॉटचे ग्रुप कधी दीडपट मोठे, कधी निम्मे येतात. त्यात चांगला दिसलेला एक कागद खिशात घालून लोक वर्षभराचे छर्रे विकत घेतात. हेही लक्षात ठेवा, की दहा शॉटचा ग्रुप पाच शॉटच्या ग्रुपपेक्षा सरासरी पाव पटीने मोठा येतोच. कुणी सांगितलेला आकडा आणि तुमचा आकडा ताडून बघण्याआधी शॉट किती होते ते विचारा.

मोजायचं कसं? इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचे आडवे-उभे आकडे उतरवून घ्या. एक्सेलमध्ये आडव्यांची आणि उभ्यांची सरासरी काढली की ग्रुपचा मध्य मिळतो. त्या मध्यापासून प्रत्येक शॉटचं अंतर काढून त्यांची सरासरी घ्या. ही सरासरी त्रिज्या सगळ्या चाळीस शॉटचं ऐकते. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर फक्त दोघांचंच ऐकतं. कागदावर मोजत असाल तर कागद ताणून, मागे जाड पुठ्ठा लावून बसवा. ग्रुपची बाहेरची कड ते बाहेरची कड व्हर्निअरने मोजा, पण त्यातून ४.५ वजा करू नका. कोपर्‍यात एक सुटा शॉट मारा, त्याचं भोक त्याच व्हर्निअरने मोजा आणि ते वजा करा. कागदाचे धागे मागे सरकतात, त्यामुळे भोक नेहमी छर्‍यापेक्षा थोडं लहान दिसतं.

आकड्याइतकाच ग्रुपचा आकार बोलका असतो. उभी ओढ आली तर वेग बघा: सिलिंडर, रेग्युलेटर, वजन. आडवी ओढ बहुधा पिशवीची, गालाच्या दाबाची किंवा रायफल कलल्याची असते. दोन वेगळे पुंजके पडले तर सैल स्क्रू शोधा. तो नसेल तर डब्यात दोन साच्यांचा माल मिसळला असण्याची शक्यता आहे. नऊ शॉट एका भोकात आणि दहावा चार मिलिमीटर दूर असं झालं, तर छर्रा बसवण्याकडे बघा.

बसवणं बारकाईने बघण्यासारखं आहे. पीसीपी मॅच रायफलमध्ये छर्रा खोबणीत ठेवतो आणि बोल्ट त्याला पुढे ढकलतो. खोबणीत तो जरा तिरका पडला असताना बोल्ट झटक्यात दाबला, तर डोक्याची कड नळीच्या काठावर घासते आणि शिशाची नखाएवढी बारीक चकचकीत कातर तिथे राहते. पुढचा छर्रा त्या कातरीवरून जातो. खोबणी दर पन्नास शॉटनी कोरड्या ब्रशने पुसा आणि बोल्ट सावकाश, एका दमात बंद करायची सवय लावा. हाताला रोजच्यापेक्षा जास्त अडथळा लागला तर तो छर्रा मोजायच्या शॉटला वापरू नका. सायटरमध्ये, म्हणजे गुण न धरल्या जाणार्‍या सुरुवातीच्या शॉटमध्ये, मारून टाका.

घ्यायचे किती आणि ठेवायचे कसे

लॉट पक्का झाला की लगेच घ्या. आपल्याकडे हे छर्रे आयात होऊन येतात, दुकानात एका लॉटचे थोडेच डबे असतात आणि पुढच्या खेपेला दुसरा लॉट येतो. हिशेब सोपा आहे. एका स्पर्धेला ६० शॉट आणि सायटर धरून शंभर छर्रे. वर्षात आठ स्पर्धा धरल्या तर ८००. प्रत्येक स्पर्धेआधीचे चार-पाच दिवस त्याच लॉटवर सराव धरला तर अजून तीन हजारांच्या आसपास. म्हणजे ५०० चे सात-आठ डबे. रोजच्या सरावाला त्याच कंपनीचा, त्याच वजनाचा स्वस्त प्रकार चालतो, साइट फारशी हलवावी लागत नाही. पण स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सरावाच्या डब्यावर झिरो करून (साइट मध्यावर जुळवून) सकाळी मॅचचा डबा उघडू नका.

डबा बॅगेत खुळखुळत नेला तर पुण्याहून मुंबईला पोचेपर्यंत शेकडो घेर एकमेकांवर आपटतात. झाकणाखाली फोमची चकती किंवा दुमडलेलं मऊ कापड इतकं घट्ट घाला, की डबा हलवल्यावर आवाज येणार नाही. पावसाळ्यात, खास करून मुंबई-कोकणातल्या दमट हवेत, शिशावर पांढरी भुकटी चढते. डबे हवाबंद प्लॅस्टिकच्या पेटीत सिलिका जेलबरोबर ठेवा, लाकडी कपाटात नको. लाकडातून सुटणार्‍या आम्लाच्या वाफांनी शिसं लवकर खराब होतं. भुकटी धरलेले छर्रे पुसून वापरू नका आणि त्या भुकटीला उघड्या हाताने शिवू नका. एरवीही शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांनी खाऊ नये, आणि छर्रे ओठांत धरून लोड करण्याची सवय कुणाला दिसली तर तिथल्या तिथे थांबवा. ही शिशाची विषबाधा हळूहळू होते आणि मुलांना जास्त बाधते.

मामांची स्प्रिंग रायफल आणि स्लग

स्लग म्हणजे कंबर नसलेली, जवळपास गोळीच्या आकाराची शिशाची कांडी. नेहमीचा छर्रा बॅडमिंटनच्या शटलसारखा उडतो: जड डोकं पुढे, पोकळ घेर मागे, हवेचा अडथळाच त्याला सरळ ठेवतो. स्लगला शेपूट नाही. तो फक्त गरगर फिरण्याच्या जोरावर सरळ राहतो, त्यामुळे खाचांचा पीळ त्याच्या लांबीला पुरेल इतका आवळ हवा आणि वेगही पुरेसा हवा. मोबदल्यात हवेत त्याचा वेग कमी घटतो आणि वार्‍याने तो कमी सरकतो. हा फायदा ५० मीटरच्या पुढे आणि ताकदवान पीसीपीत दिसतो. १० ते ३० मीटरवर तो दिसत नाही.

स्प्रिंग रायफलमध्ये तर नुकसानच आहे. स्लगचं जवळपास सगळं अंग नळीला घासतं आणि त्याला फुलणारा घेर नाही. पिस्टनचा हवेचा धक्का क्षणभराचा असतो. स्लग जागचा हलेपर्यंत दाब इतका चढतो, की पिस्टन उलटा उसळतो. १२ ज्यूलची रायफल ०.५३ ग्रॅमचा छर्रा सुमारे २१३ मीटर प्रति सेकंदाने फेकते. तेवढीच ऊर्जा ०.८४ ग्रॅमच्या स्लगला मिळाली असं धरलं तरी वेग १६९ वर येतो, आणि स्प्रिंगमध्ये तेवढीही मिळत नाही. हळू फिरणारा स्लग डगमगतो. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसलं की समजावं.

कुणाकडे परवान्याची पीसीपी असेल आणि स्लग खरंच वापरायचे असतील, तर आधी पीळ मोजा. सफाईच्या, मुठीत मोकळ्या फिरणार्‍या सळईला घट्ट चिंधी लावून नळीत सरकवा आणि सळईवरची खूण एक पूर्ण फेरा किती लांबीत घेते ते बघा. छर्‍यांसाठी बनलेल्या बर्‍याच नळ्यांत हा फेरा ४००-४५० मिमीच्या आसपास असतो. अशा नळीला लहान, हलके स्लगच झेपतात. मग एक स्लग सळईने हळूहळू नळीतून ढकलून काढा. अडथळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा लागायला हवा आणि भिंगाखाली सगळ्या उंचवट्यांच्या खुणा सारख्या खोल दिसायला हव्यात. एका बाजूला खोल आणि दुसर्‍या बाजूला पुसट दिसल्या तर तो व्यास त्या नळीचा नाही. चाचणी २५ आणि ५० अशा दोन्ही अंतरांवर घ्या, कारण पुरेसा न फिरणारा स्लग जवळ छान बसतो आणि लांब गेल्यावर भरकटतो.

मामांसाठी घुमटाकार डोक्याचे, ०.५० ते ०.५५ ग्रॅमचे छर्रे योग्य आहेत. जेएसबीचा एक्झॅक्ट ४.५१, ४.५२ आणि ४.५३ मध्ये मिळतो. तिन्ही आणून बघा, कारण साध्या स्प्रिंग रायफलींच्या नळ्यांत फरक जास्त असतो. अणकुचीदार टोकाचे घेऊ नका. टोक दाबताना जरा जरी एका बाजूला गेलं तरी छर्रा भरकटतो. शिसं नसलेले फार हलके छर्रे वेगाचे आकडे मोठे दाखवतात, पण पिस्टनला पुढे गादी मिळत नाही आणि स्प्रिंग-सील लवकर जातात. याच कारणाने स्प्रिंगमध्ये फेल्टचा बोळा घालून चाप ओढू नये. नळी मोडून लोड करताना छर्रा अंगठ्याने तोंडाच्या पातळीत बसेपर्यंत दाबा. घेर जरा वर राहिला तर नळी बंद करताना तो चेपतो. चाचणीत ही रायफल पिशवीवर घट्ट दाबून धरू नका. फोर-एंड उघड्या तळहातावर सैल ठेवा आणि तिला तिच्या मनाने मागे-पुढे उसळू द्या, नाहीतर चांगले छर्रेही वाईट ठरतील. पहिले दहा शॉट सील गरम होण्याचे समजा.

स्लग किंवा जड छर्रा मारायचा तर मागचा अडसरही तसाच हवा: ४५ अंशांत खाली झुकवलेली जाड पोलादी पाटी आणि खाली पेटी. उभ्या पाटीवरून शिशाचे तुकडे मारणार्‍याकडे परततात, म्हणून घरी मारतानाही डोळ्यांवर चष्मा हवाच. कायद्याचंही सांगतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिमीपेक्षा मोठा किंवा ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर परवाना लागतो. ०.५३ ग्रॅमच्या छर्‍यासाठी ही मर्यादा सुमारे २७५ मीटर प्रति सेकंदाला येते. मामांची स्प्रिंग बदलून ‘ताकद वाढवून देतो’ असं कुणी म्हणालं तर क्रोनोग्राफवर आकडा दाखवा म्हणावं. आणि रायफल कागदावरच चालवायची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, पक्ष्यांवर छर्रा झाडणं हा त्याखाली गुन्हा ठरू शकतो.